रांगडा मूळचा कुठला?

प्रश्न : ताई, मी कागलचा. गावच्या दूध संस्थेत काम करतो. गेल्या महिन्यात भाचीचं लग्न ठरवायला आम्ही पुण्याला गेलो होतो. बोलणी चांगली झाली, पोहे झाले, चहा झाला. निघताना मुलाची आत्या हसत म्हणाली, "मामांचा आवाज जरा रांगडाच आहे हो." सगळे हसले, मीही हसलो. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "नावं ठेवली तुम्हाला." मी म्हणालो, कौतुक केलं. कराड येईपर्यंत हाच वाद. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी सांगतात की रांगडा म्हणजे 'रानगडी', रानात राबणारा गडी, त्यात कमीपणा कसला? खरं काय ते सांगा. हा शब्द आला कुठून, आणि तो आवाजाला लावतात का?
एक वाचक, कागल

उत्तर : आधी गाडीतला वाद मिटवते, कारण शब्दाच्या मुळाशी जायला दोन-तीनशे वर्षं मागं जावं लागणार आणि तोवर वहिनींना ताटकळत ठेवणं बरं नाही. वहिनींचं बरोबर आहे. "मामांचा आवाज रांगडा आहे," एवढंच कुणी म्हटलं असतं तर मी तुमच्या बाजूनं उभी राहिले असते. पण आत्याबाईंनी आधी 'जरा' घातला, मग शब्दाला 'च' जोडला आणि वर 'हो' ठेवला. हे तिघं एका वाक्यात आले की मधला शब्द कुठलाही असो, पुण्यात ते कौतुक नसतं. "भाजी जरा तिखटच झालीय हो." "तुमचं घर जरा लांबच आहे हो." पन्नास वर्षं या शहरात काढल्यावर मला एवढं नक्की कळलंय.

आता गुरुजी. त्यांची 'रानगडी' मला आवडली, पण पटली नाही. आपण सर्रास 'रांगडा गडी' म्हणतो; शब्दात गडी आधीच बसलेला असता तर पुन्हा दुसरा कशाला जोडला असता? अर्थात आपण 'पिवळा पीतांबर'ही म्हणतो, तेव्हा हा मुद्दा एकटा पुरणार नाही. दुसरा मुद्दा जास्त भक्कम आहे. 'गडी' हे नाम आहे, त्याचं कुणी 'गडा' करत नाही. रांगडा मात्र विशेषणासारखा वागतो : रांगडा, रांगडी, रांगडं. आणि तिसरा मुद्दा म्हणजे हा शब्द जिथं जन्मला तिथं 'गडी' हा शब्दच नाही. तो जन्मला सातपुड्याच्या पलीकडे, माळव्यात.

माळवा म्हटलं की मला लिहिताना आवरत नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. माझा जन्म इंदूरचा, रामबागेतला. आजोबा होळकर संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. संस्थान गेलं, पण त्यांची काळी टोपी शेवटपर्यंत राहिली. आमच्या घरी दूध घालायला रोज एक उंच, दाढीमिशा राखलेला म्हातारा यायचा. पायात चामडी जोडे, डोक्यावर पागोटं, आणि आवाज असा की दारात त्यानं "दूध लो" म्हटलं की माडीवर झोपलेली मी उठून बसायची. आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, रांगडा आलाय, पातेलं दे." तिच्या तोंडी त्यात राग नव्हता आणि लोभही नव्हता. धोब्याला धोबी म्हणावं तसं ती रजपुताला रांगडा म्हणायची. त्याची माळवी बोली ती तिची 'रांगडी'. "ही रांगडी आपल्या घरात बोलायची नाही," असा तिचा आम्हा पोरांना दम असे. आम्ही अर्थातच बोलायचो.

म्हातारा दोन घरं पुढं गेला की आपल्या माणसाला सांगायचा, "दखणी डोकरीने एक सेर दियो." डोकरी म्हणजे म्हातारी. आजीला वाटे, नाव ठेवण्याचा हक्क एकट्या आपल्याला आहे. तिकडे त्यानं तिलाही एक ठेवून दिलं होतं : दखणी.

तर हा आजीचा 'रांगडा' तिनं काही शोधून काढला नव्हता, तो तिच्याकडे पेशवाईपासून चालत आला होता. माळव्यातल्या राजपुतांना मराठे 'रांगड' किंवा 'रांगडे' म्हणत आणि त्यांच्या बोलीला 'रांगडी'. हे नुसतं आमच्या घरातलं नाही. सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर तीन-चार वर्षं मध्य हिंदुस्थानचा कारभार पाहत होता, इंदूरजवळ महूला त्याची छावणी होती. त्यानं १८२३ साली माळव्याचा जो मोठा वृत्तान्त छापला त्यात ही रांगडी बोली आहे. तिचा पसारा त्यानं भलताच लांब-रुंद सांगितलाय : पश्चिमेला सिंधू नदी, पूर्वेला बुंदेलखंडाची शीव, दक्षिणेला सातपुडा. पुढं ग्रियर्सन या भाषापंडितानं भारतीय भाषांची पाहणी केली. तिच्या राजस्थानी-गुजरातीच्या १९०८ सालच्या खंडात माळवीचं वर्णन करताना तो सांगतो की माळव्यातले राजपूत जी माळवी बोलतात तिला रांगडी म्हणतात आणि तिच्यात मारवाडीची झाक जास्त असते. म्हणजे रांगडी हे एका बोलीचं छापील नाव होतं. कुणी तिला खडबडीत म्हणावं की गोड, हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न. मला तर ती लोण्यासारखी लागते. "कंई करी रिया हो?" यात खडबडीत काय आहे, सांगा.

याच नावाच्या जवळचा 'रांघड' हा शब्द हरियाणाकडे मुसलमान राजपुतांसाठी होता. फाळणीत त्यांतले बहुतेक लोक पाकिस्तानात गेले. रांगड या नावाची उकल कुणी 'रण' आणि 'गढ' जोडून करतात. रणात आणि गढीत राहणारे ते रांगड, असं सांगितलं की ऐकणारा राजपूत खूश होतो. मी अशा व्युत्पत्तींना हात जोडते आणि पुढं जाते. गुरुजींच्या रानगड्याची ती सख्खी बहीण आहे.

मग लोकांचं नाव स्वभावाचं नाव कसं झालं? इथं थोडा इतिहास लागतो. २९ नोव्हेंबर १७२८ ला अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजीअप्पांनी मोगलांचा माळव्यातला सुभेदार गिरधर बहादूर याला पाडलं. पुढच्या काही वर्षांत होळकर, शिंदे, पवार तिथं रुजले : इंदूर, उज्जैन, धार, देवास. आता तलवार गाजवणं वेगळं आणि दर साल वसूल गोळा करणं वेगळं. दख्खनेतून गेलेला कमाविसदार म्हणजे वसुली अधिकारी, त्याच्या हाताखालचा फडणीस, कारकून ही मंडळी माळव्याच्या गावात बसली की त्यांची गाठ पडायची ती डोंगरातल्या गढीत बसलेल्या राजपूत गिरासियाशी, म्हणजे तिथल्या जुन्या जमीनदाराशी. तो म्हणायचा, ही जमीन माझ्या बापजाद्यांची, तुम्ही काल आलात. त्याला ठरलेली रक्कम, ज्याला तिकडे 'टंका' म्हणत, पोचली नाही तर तो गावं लुटायचा. पोचली तर गप्प बसायचा. हे टंक्याचे तंटे इतके चिवट होते की मराठ्यांचं राज्य मोडल्यावर माल्कमलाही बसून एकेका गिरासियाशी करारमदार करावे लागले.

अशा माणसाचं वर्णन पुण्याला पाठवायच्या पत्रात कारकून कसं करणार? रांगडा. ऐकत नाही, वाकत नाही, मोठ्यानं बोलतो, कागद दाखवला तर तलवारीकडे पाहतो. शंभर वर्षं हे चाललं आणि शब्दाची कातडी बदलली. आधी रांगडा म्हणजे तो अमुक माणूस, मग त्या माणसासारखा माणूस, मग नुसता तसा. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा निघाला तोवर हा बदल होऊन गेला होता. आज ज्यांनी माळवा पाहिलेलाही नाही ते दिवसातून दोनदा हा शब्द वापरतात.

पेंढाऱ्यांचंही तेच झालं. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा बंदोबस्त केला, पण आईच्या तोंडी "पेंढाऱ्यासारखा काय खातोस" हे राहिलं. गारदी हे कवायती पायदळ. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि गारदी म्हणजे काळजात दया नसलेला माणूस, हे मराठीत कायमचं ठरलं. भामटा तर याहून वाईट. ते एका जमातीचं नाव आहे, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही 'राजपूत भामटा' अशी नोंद आहे, आणि आपण मात्र टीव्हीसमोर बसून कुणालाही भामटा म्हणून मोकळे होतो. हा शब्द मी स्वतः वापरायचा सोडला आहे. इतरांना सांगायला जात नाही.

एका वाचकानं मागं मला रागावून लिहिलं होतं की तुम्ही नेहमी मराठी माणसाचेच दोष काढता. तर घ्या, दुसऱ्यांनी आपल्याला काय म्हटलं तेही सांगते. आठव्या शतकात, शके ७०० च्या उंबरठ्यावर, जालोरला उद्द्योतनसूरी नावाच्या जैन मुनीनं 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ पुरा केला. त्यात एका बाजारपेठेचा देखावा आहे. देशोदेशीचे व्यापारी जमलेत आणि प्रत्येकाची अंगकाठी, स्वभाव आणि तोंडातला एखादा शब्द मुनी टिपतो. आपल्या वाट्याला काय आलं? बळकट, ठेंगणे, सावळ्या अंगाचे, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर. आणि तोंडात सतत 'दिण्णल्ले, गहिल्ले', म्हणजे दिले, घेतले. शाळेत हे वाचलं तेव्हा मी इतकी हसले होते की बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं. आजही मंडईत भाव करणाऱ्या बायकांच्या घोळक्यात मला उद्द्योतनसूरी कुठंतरी खांबाआड वही घेऊन उभा दिसतो. आणि जालोर कुठं? राजस्थानात. म्हणजे आपण त्यांना रांगडे म्हणायच्या हजारेक वर्षं आधी त्या मुलखातून आपल्याला भांडखोर म्हणून झालं होतं.

बंगालात याहून पुढची पायरी आहे. ज्याला घोडा सरकारकडून मिळायचा तो आपला साधा स्वार म्हणजे बारगीर. १७४० नंतरची दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या आणि तिकडे त्याचा 'बर्गी' झाला. बंगाली आया आजही मुलाला निजवताना या बर्गींचं भय घालणारी अंगाई म्हणतात. माझी एक शेजारीण कोलकात्याची आहे. तिच्या नातवाला मांडीवर घेऊन ती ही अंगाई म्हणत होती आणि मी समोर बसून चहा पीत होते. मधेच तिच्या लक्षात आलं आणि ती लाजली. मी म्हटलं, चालू दे, झोपू दे त्याला.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात गमतीचा भाग, म्हणजे तुम्हाला ते कौतुक का वाटलं. कारण कोल्हापूरकडे ते कौतुकच आहे. गेल्या शतकात कधीतरी हा शब्द उलटला. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं खासबागेचं मैदान, पेठापेठांतल्या तालमी, लाल माती, तांबडा-पांढरा रस्सा, तोंडावर खरं बोलणारा माणूस, हे सगळं सांगायला मराठीला एक शब्द हवा होता. 'गावंढळ' म्हटलं तर अपमान, 'शूर' म्हटलं तर पोवाडा. मधला सापडला तो रांगडा. ज्या शब्दानं मराठ्यांनी परक्या राजपुताला हिणवलं, तोच आज खास मराठी मर्दपणाचा बिल्ला झालाय. ढाब्याच्या पाटीवर रांगडा, मिसळीच्या जाहिरातीत रांगडा, कुठल्याही पैलवानाबद्दल बातमी आली की तिसऱ्या ओळीत रांगडा, कोथिंबीर भुरभुरावी तसा. आजीला हे दाखवलं असतं तर तिनं विचारलं असतं, "म्हणजे हे सगळे माळव्यातले का?"

एक मात्र पाहिलंत? हा बिल्ला फक्त पुरुषाच्या छातीवर लागतो. 'रांगडा गडी' म्हटलं की मिशीला पीळ बसतो, 'रांगडी बाई' म्हटलं की स्थळ मोडतं. माझ्या सासूबाई गडहिंग्लजच्या. तिकडच्या रीतीनं त्या स्वतःबद्दल बोलताना "मी आलो", "मी जातो" असंच म्हणायच्या, "मी आले" त्यांच्या तोंडात कधी बसलं नाही. लग्नानंतर त्या पहिल्यांदा आमच्याकडे पुण्यात राहायला आल्या तेव्हा शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या सासूबाई अशा पुरुषी का बोलतात?" मी म्हटलं, पुरुषी नाही, गडहिंग्लजी. पुण्यानं त्याआधी मलाही सोडलं नव्हतं. १९७३ साली एम.ए.ला पुण्यात आले तेव्हा मी "मी येऊन राहिली आहे" असं इंदुरी मराठी बोलायची. वसतिगृहातल्या मुलींनी त्या एका वाक्यावर वर्षभर करमणूक करून घेतली. मी दोन वर्षांत ते सोडलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत सोडलं नाही. त्यांचं जास्त बरोबर होतं, असं आता वाटतं.

राहिला आवाज. आवाजासाठी मराठीकडे शब्दांची कमी नव्हती. बसका, घोगरा, चिरका, किनरा, भसाडा, खणखणीत. भरड हाही छान आहे, तो जात्यावरून आला : धान्य बारीक न दळता जाडसर काढलं की भरड. हे सगळे शब्द गळ्यातून काय निघतं ते सांगतात. रांगडा तसं सांगत नाही. तो आवाजाची रीत सांगतो. तुमचा गळा कदाचित चांगला गोडही असेल. सकाळी सहाला दुधाच्या कॅनच्या खडखडाटात पलीकडच्या माणसाला फॅट किती लागली ते ओरडून सांगायची सवय झालेला माणूस दहा बाय बाराच्या दिवाणखान्यातही त्याच पट्टीत बोलतो, आणि त्याच्या बोलण्यात 'जरा'ही नसतो, 'हो'ही नसतो. आत्याबाईंना खुपलं ते हेच असावं. लग्नात त्यांना भेटाल तेव्हा "आत्याबाई, जेवून घ्या" हे नेहमीच्याच आवाजात सांगा. मांडवात त्याचाच उपयोग होतो.

प्रश्न : आमच्या निफाड तालुक्यात रांगडा म्हणजे कांदा. कोल्हापूरच्या पाहुण्यांना ते सांगितलं तर ते हसतात. कांद्याचा स्वभाव रांगडा कसा?
एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : तुमचं पोस्टकार्ड कागलच्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी आलं, म्हणून दोघांना एकाच अंकात बसवलं. पाहुण्यांना सांगा की तुमच्याकडे रांगडा हे हंगामाचं नाव आहे, स्वभावाचं नाही. पावसाळी कांदा आधी येतो, उन्हाळ कांदा मागून. या दोघांच्या मधला, ऑगस्ट-सप्टेंबरात रोप टाकून जानेवारी ते मार्चमध्ये काढायचा तो रांगडा. कृषी खातं त्यालाच लेट खरीप म्हणतं, पण लेट खरीपला रडू येत नाही, रांगड्याला येतं. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन् महिने दम धरत नाही. काढला, वाळवला, ट्रॉलीत भरला की लासलगाव. लिलावात त्याला एक भाव पुकारतात, मोठ्यानं, आणि त्यात कुणी 'जरा' घालत नाही.